गुहागर तालुक्यातले दोन हिशोब

दाभोळ पॉवर कंपनीचा प्रकल्प दाभोळला नाही. वाशिष्ठी समुद्राला मिळते तिथे उत्तरेच्या काठावर दाभोळ, तालुका दापोली. दक्षिणेच्या काठावर अंजनवेल, वेलदूर, रानवी, तालुका गुहागर. प्रकल्प त्या काठावर आहे. मधली खाडी ओलांडायला फेरीबोट लागते, ती दाभोळहून धोपाव्याला जाते. दाभोळच्या वाट्याला प्रकल्पातलं फक्त नाव आलं. बहामनी काळात पश्चिम किनाऱ्यावरच्या मोठ्या बंदरांमध्ये हे नाव होतं. रशियन व्यापारी अफनासी निकितिन पंधराव्या शतकात हिंदुस्थानातून परत निघाला तो इथूनच. १५०८च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेदाने शहर जाळलं, तेव्हा ते जाळण्याएवढं श्रीमंत होतं. आज देशात कुठेही ‘दाभोळ’ म्हटलं की समोरचा ‘एन्रॉन’ म्हणतो.

माझं आजोळ दाभोळचं. जन्म १९९७चा, म्हणजे प्रकल्पाचा पहिला टप्पा सुरू झाला तेव्हा मी दोन वर्षांची होते आणि तो बंद पडला तेव्हा चार. शिक्षण इंजिनिअरिंगचं, नोकरी पुण्यात सॉफ्टवेअरची. एन्रॉनची राजकीय गोष्ट इतक्यांदा सांगून झाली आहे की माझ्या वयाच्या माणसाने त्यात नवं काही घालायची गरज नाही. मला कुतूहल आहे ते वेगळ्या लोकांचं. सरकारने काढलेला आकडा बरोबर आहे का, हे सरकारच्या बाहेर बसून कोणी तपासलं? तपासायची रीत त्यांच्याकडे कुठून आली? आणि तपासून काय झालं? या प्रश्नांच्या मागे जाताना मी खाडी ओलांडून पुन्हा गुहागर तालुक्यातच पोचले, पण शंभर वर्षं मागे.

गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी कोतळूक या गावी झाला. कोतळूक गुहागर तालुक्यात आहे. शाळेत आपल्याला गोखले ‘मवाळ’ म्हणून शिकवतात आणि टिळकांच्या परिच्छेदानंतर दोन ओळींत संपवतात. पण फर्ग्युसनमध्ये शिकवणारा, अंकगणिताचं पाठ्यपुस्तक लिहिणारा हा माणूस मुळात हिशोबनीस होता. २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यात, लॉर्ड कर्झन अध्यक्षस्थानी असताना, गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात अर्थसंकल्पावरचं पहिलं भाषण केलं. अर्थसदस्य सर एडवर्ड लॉ यांनी कोट्यवधी रुपयांची शिल्लक दाखवली होती आणि सगळे त्यांचं अभिनंदन करत होते. गोखले म्हणाले की मला या अभिनंदनात सामील होता येत नाही.

त्यांचा युक्तिवाद आजही वाचण्यासारखा आहे, कारण त्यात भावनेला जागा फार कमी आहे. सरकारला विलायतेत दरवर्षी मोठी रक्कम पौंडात भरावी लागे. १८९३मध्ये टांकसाळी खुल्या नाण्यांसाठी बंद केल्यावर रुपया कृत्रिमरीत्या महाग झाला. सुमारे १३ पेन्सवरून १६ पेन्सवर गेला. त्यामुळे तेवढेच पौंड भरायला कमी रुपये लागू लागले आणि वर्षाला चार-पाच कोटी वाचू लागले. पण रुपया घसरत होता तेव्हा तूट भरून काढायला जे कर वाढवले होते, ते तसेच राहिले. म्हणजे शिल्लक दिसते ती देश संपन्न झाला म्हणून नव्हे, विनिमयाचा दर बदलला आणि कर उतरला नाही म्हणून. आणि हे १८९९-१९००च्या दुष्काळानंतर, जेव्हा माणसं मिठावरही कर भरत होती. पुढच्याच वर्षी, १९०३मध्ये, मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला.

या भाषणामागे एक शाळामास्तर होता. सोलापूरच्या हायस्कूलचे गणेश व्यंकटेश जोशी सरकारी अहवाल आणि तक्ते गोळा करून त्यातले कल शोधत. न्यायमूर्ती रानड्यांच्या तालमीतले दोघेही. वेल्बी आयोगापुढची १८९७ची साक्ष असो वा हे भाषण, गोखले जोशींना आकड्यांसाठी पत्रं पाठवत. आजच्या भाषेत जोशी हे एका खासदाराचे विनावेतन संशोधन सहायक. त्यांच्याकडे एक गोष्ट होती जिच्यावर सगळं उभं होतं: सरकारचे तक्ते छापले जात आणि ते सोलापुरात बसून वाचता येत. परक्या सरकारचे का असेनात.

गोखले १९१५मध्ये गेले. साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून १९३० साली पुण्यात, भारत सेवक समाजाच्या आवारात, त्यांच्या नावाची संस्था निघाली: गोखले अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र संस्था. पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ, आणि ते १९६६पर्यंत त्या खुर्चीत होते. १९९३मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. संस्थेत दरवर्षी काळे स्मृती व्याख्यान होतं. १९३९मध्ये ते डॉ. आंबेडकरांनी दिलं होतं, विषय संघराज्याचा. (ते भाषण वाचलं नसेल तर हा लेख अर्धवट सोडून ते वाचलं तरी माझी तक्रार नाही.)

गाडगिळांनी गोखल्यांच्या रीतीत एक भर घातली. गोखले सरकारने छापलेले आकडे तपासत. गाडगिळांनी आकडे स्वतः गोळा करायला माणसं घरोघर पाठवली. पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी अशीच झाली. तिचे दोन भाग १९४५ आणि १९५२ मध्ये आले. पण माझ्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं पुस्तक १९४८चं आहे: गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष फायद्यांची पाहणी. प्रश्न साधा होता. सरकार कालव्यावर पैसे घालतं, परत काय मिळतं? खात्याच्या दृष्टीने उत्तर एका ओळीचं असतं: पाणीपट्टी इतकी, खर्च इतका, उरलं किंवा बुडालं इतकं. गाडगिळांचं म्हणणं की एवढ्यावर निकाल देता येत नाही. पाणी पोचलेल्या गावात मजुरी किती वाढली, ऊस आला तेव्हा त्यासोबत कोणती कामं आली, बाजार कोणाचा चालला, हे शेजारच्या कोरड्या गावाशी ताडून बघा, मग बोला. सार्वजनिक पैशाच्या प्रकल्पाचा हिशोब फक्त प्रकल्पाच्या वहीत संपत नाही, हे देशात कोणी इतक्या तपशिलाने आधी मांडलेलं नव्हतं असं मला वाटतं. पाश्चात्त्य विद्यापीठांत या पद्धतीची शिस्तशीर पाठ्यपुस्तकं पन्नाशीच्या अखेरीस दिसू लागतात.

संस्थेचे पुढचे संचालक वि. म. दांडेकर. त्यांनी नीलकंठ रथ यांच्यासह १९७१मध्ये देशातल्या दारिद्र्यावर जे लिहिलं ते प्रसिद्ध आहे. कोकणी माणसाला मात्र दांडेकर आठवतात ते १९८४च्या अनुशेष समितीमुळे. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शाळा, दवाखाने, पिण्याचं पाणी. प्रत्येक बाबतीत राज्याची सरासरी काढायची आणि कुठला जिल्हा किती मागे आहे हे रुपयांत सांगायचं. ‘अनुशेष’ हा शब्द मराठी राजकारणात तेव्हापासून जो आला तो गेलेला नाही. कोकण मागे पडलंय ही भावना जुनीच होती. दांडेकरांनी तिला तक्ता दिला. त्यानंतर आठ वर्षांनी कोकणात एक पाहुणा आला.

जून १९९२. गंगाजळी आटल्यामुळे सोनं गहाण टाकून वर्ष झालेलं. वीजनिर्मिती खासगी आणि परदेशी भांडवलाला खुली झालेली. अमेरिकेच्या ह्यूस्टनहून एन्रॉनचे अधिकारी आले आणि थोड्याच दिवसांत, २० जूनला, महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाशी सामंजस्य करार झाला. स्पर्धात्मक निविदा नाहीत. एन्रॉनचे ८० टक्के, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांचे दहा-दहा. एकूण दोन हजार मेगावॉटच्या वर क्षमता, दोन टप्प्यांत. वीज खरेदी करार ८ डिसेंबर १९९३ला झाला, मुदत वीस वर्षं.

त्याआधी, एप्रिल १९९३मध्ये, जागतिक बँकेने केंद्रीय अर्थ खात्याला पत्र लिहून या प्रकल्पाला कर्ज देता येणार नाही असं कळवलं होतं. कारण वैचारिक वगैरे नव्हतं. प्रकल्प इतका मोठा आणि त्याची वीज इतकी महाग, की ती घ्यायची तर मंडळाला आपली स्वस्त कोळशाची वीजकेंद्रं मागे घ्यावी लागतील, असं बँकेचं गणित. म्हणजे आकडा वेळेवर मांडलेला होता. तो लोकांसमोर नव्हता, इतकंच. करारही लोकांसमोर नव्हता. १९०२ साली सोलापूरच्या मास्तरांना कर्झन सरकारचे तक्ते मिळत होते; १९९४ साली मराठी ग्राहकाला स्वतःच्या मंडळाने वीस वर्षांसाठी काय कबूल केलंय ते वाचायची सोय नव्हती.

करारात काय होतं ते सांगायला मला दाभोळमधलंच एक घर वापरू द्या. मामाच्या शेजारचं घर बंद असतं. माणसं मुंबईला, गणपतीत आणि मे महिन्यात उघडतं. बाकीचे महिने मीटर हलत नाही, तरी बिल येतं. त्यात वापरलेली युनिटं शून्य आणि ‘स्थिर आकार’ म्हणून एक रक्कम. दाभोळ कराराचं हाड हेच आहे. प्रकल्प ९० टक्के वेळ वीज द्यायला तयार असेल, तर मंडळाने वीज घेतली काय, न घेतली काय, स्थिर आकार द्यायचा. जी वीज घेतली तिच्या इंधनाचे पैसे वेगळे.

आता समजा (हे आकडे माझे, निव्वळ समजण्यासाठी) वर्षाचा स्थिर आकार १,००० कोटी आहे. ७४० मेगावॉटचं केंद्र वर्षभर अखंड चाललं तर साधारण ६४८ कोटी युनिटं होतात. त्यातली ९० टक्के घेतली तर युनिटमागे स्थिर आकार पडतो १ रुपया ७१ पैसे. तेवढी गरज नाही, परवडत नाही म्हणून ४५ टक्केच घेतली, तर ३ रुपये ४३ पैसे. इंधन अजून मोजलेलंच नाही. वीज महाग म्हणून कमी घ्यायची, आणि कमी घेतली म्हणून ती आणखी महाग व्हायची. असा गोल फेरा प्रोग्रॅममध्ये आला तर आम्ही त्याला थांबायची अट घालतो. करारात ती अट नव्हती.

स्थिर आकाराचा बराचसा भाग डॉलरशी बांधलेला होता, इंधनाची किंमत तेलाच्या जागतिक बाजाराशी. म्हणजे ‘दर किती’ या प्रश्नाला एक उत्तरच नव्हतं. त्या काळी वर्तमानपत्रांत युनिटला २ रुपये ४० पैसे हा आकडा फिरत होता. बाजूचे तो सांगत, विरोधकही त्यावरच भांडत. खरं तर तो एक बिंदू होता: अमुक इतकी वीज घेतली, डॉलर अमुक रुपयांना, तेल अमुक डॉलरला, तर. डिसेंबर १९९३मध्ये डॉलर ३१ रुपयांच्या आसपास होता. गोखल्यांना हे समजायला एक मिनिट लागलं नसतं. पौंडाच्या जागी डॉलर घातला आणि दिशा उलटी केली की त्यांचंच १९०२चं भाषण.

हा पूर्ण आराखडा उलगडून लोकांपुढे ठेवला तो पुण्यातल्या ‘प्रयास’ या छोट्या गटाने. गिरीश संत, शंतनू दीक्षित, सुबोध वागळे. जून १९९५मध्ये त्यांनी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त दाभोळच्या वीज खरेदी कराराची रचना आणि तांत्रिक-आर्थिक विश्लेषण छापलं. संत आयआयटी मुंबईचे, ऊर्जा विषयातले. त्यांनी स्वतःच्या विषयाचं काम घेतलं: कराराची सूत्रं संगणकावर मांडायची आणि गृहीतकं हलवून बघायची. वीज कमी घेतली तर? रुपया घसरला तर? इंधन महाग झालं तर? प्रत्येक ‘तर’चं उत्तर मंडळाच्या अंगावर पडत होतं, कंपनीच्या नाही, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. त्याच पैशात दुसरं काय करता आलं असतं, हा प्रश्नही त्यांनी सोडला नाही. गळती कमी करणं, वापरात बचत, लहान आणि स्वस्त केंद्रं. हा लेख पहिल्यांदा वाचला तेव्हा मला सर्वात आवडला तो त्याचा कोरडेपणा. कुठे ‘लूट’ नाही, ‘देशद्रोह’ नाही. आमच्याकडे चांगला कोड रिव्ह्यू असाच असतो: या ओळीला हे मूल्य दिलं तर हे कोसळतं, बघून घ्या.

गोखले संस्थेतूनही एक धागा इथवर येतो, तोही घरगुती. सुलभा ब्रह्मे या गाडगिळांच्या कन्या आणि संस्थेतल्या अर्थतज्ज्ञ. १९७२च्या दुष्काळावरचं त्यांचं पुस्तक संस्थेने काढलं होतं. एन्रॉनविरोधी चळवळीत त्या होत्या. आकडे मराठीत सोपे करून सांगणं, सभा घेणं, गावात जाणं, हे काम त्यांनी पुढे जैतापूरच्या वेळीही केलं. प्रयासचा लेख इंग्रजीत होता. वेलदूरच्या बाईला त्याचा उपयोग व्हायचा तर कोणीतरी तो तिच्या भाषेत न्यायला हवाच होता.

आणि वेलदूरच्या बाईचा स्वतःचा हिशोब होता. खाडीत गरम पाणी सोडलं तर मासळीचं काय, हा त्यातला पहिला प्रश्न. दराच्या सूत्रात क्षमता, डॉलर, नाफ्था, उपलब्धता हे सगळे घटक आहेत; खाडी त्यात नाही. गाडगिळांच्या कालव्याच्या पाहणीत ज्याला अप्रत्यक्ष म्हटलंय ते मोजायचं झालं असतं तर कोणीतरी वेलदूरला आणि प्रकल्पापासून दूरच्या एखाद्या कोळीवाड्यात, दोन्हीकडे, वर्षभर मासळी तोलत बसायला हवं होतं. हा हिशोब झाला नाही, त्याऐवजी पोलीस आले. ३ जून १९९७च्या पहाटे वेलदूरला घरांत शिरून मारहाण आणि अटका झाल्या. धरलेल्यांत बहुतेक बायका होत्या. ‘ह्यूमन राइट्स वॉच’ने जानेवारी १९९९मध्ये या सगळ्यावर स्वतंत्र अहवाल काढला आणि त्यात कंपनीलाही जबाबदार धरलं.

राजकारणाने आकड्यांचं काय केलं ते आता पटकन सांगते. १९९५ची निवडणूक शिवसेना-भाजप युतीने लढवली ती एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याच्या घोषणेवर. सत्तेवर आल्यावर गोपीनाथ मुंडे यांच्या समितीने निविदा नसणं, गुप्तता, चढा खर्च या सगळ्यांवर बोट ठेवलं आणि ३ ऑगस्ट १९९५ला मुख्यमंत्री मनोहर जोशींनी प्रकल्प रद्द केल्याचं जाहीर केलं. नोव्हेंबरात फेरवाटाघाटी सुरू. १९९६मध्ये नवा करार. प्रकल्प आधीपेक्षा मोठा, ७४० अधिक १,४४४ मेगावॉट. दर दोन रुपयांच्या खाली आणल्याचं सांगण्यात आलं. सूत्राचं हाड मात्र तेच: स्थिर आकार, डॉलर, वीस वर्षं. समुद्रात बुडवलेली वस्तू फुगून वर आली, असा विनोद दाभोळमध्ये आजही चालतो.

हे मला पक्षांच्या भांडणापेक्षा जास्त खटकतं. १९९५मध्ये विश्लेषण तयार होतं, छापलेलं होतं, सत्ताधाऱ्यांच्या बाजूचं होतं. तरीही फेरवाटाघाटीत ते विचारायला कोणी बसलं नाही, कारण विचारायची जागाच नव्हती. वाटाघाटी खोलीत, हिशोब साप्ताहिकात. निवडणुकीआधी विरोधकांना आकडे शस्त्र म्हणून हवे होते. खुर्चीवर बसल्यावर त्यांना प्रकल्प हवा होता.

मे १९९९मध्ये पहिला टप्पा नाफ्थ्यावर सुरू झाला. त्या वर्षाच्या सुरुवातीला कच्चं तेल पिंपाला दहा-बारा डॉलर होतं. सप्टेंबर २०००मध्ये तिसाच्या वर गेलं. डॉलर ४६ रुपयांच्या पुढे, म्हणजे करार झाला तेव्हाच्या जवळपास दीडपट. मंडळाने महाग म्हणून वीज कमी घेतली, आणि २०००च्या काही महिन्यांत दाभोळचं युनिट सात रुपयांच्या पुढे गेलं. ‘तर’ची तिन्ही उत्तरं एकदमच आली. मंडळाचे पैसे थकले, कंपनीने राज्याची आणि मग केंद्राची हमी वटवायला काढली. मे २००१मध्ये मंडळाने करार रद्द केला आणि चिमण्या थंड झाल्या. दुसरा टप्पा तेव्हा बराचसा बांधून झालेला. डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉनच दिवाळखोरीत गेली, तीही वेगळ्याच हिशोबातल्या लबाडीमुळे.

फेब्रुवारी-मार्च २००१मध्ये राज्य सरकारने माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखाली ऊर्जा आढावा समिती नेमली. तिच्यात किरीट पारीख होते. रिझर्व्ह बँकेने १९८७मध्ये मुंबईत गोरेगावला उभारलेल्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचे ते संस्थापक संचालक. ही संस्थाही अभिमत विद्यापीठ. शिवाय दीपक पारेख, ई. ए. एस. सर्मा, आर. के. पचौरी. समितीने एप्रिलमध्येच अहवाल दिला आणि सगळ्या सरकारांच्या, सगळ्या पातळ्यांवरच्या कारभाराचं अपयश नोंदवलं. मागणीचा अंदाज फुगवलेला होता, जोखीम एकतर्फी होती. वाचताना सतत वाटतं की यातलं पुष्कळ आपण आधी वाचलंय. सहा वर्षांपूर्वी, साप्ताहिकात. आमच्या धंद्यात कोड मुख्य शाखेत जाण्याआधी दुसऱ्याने वाचायचा असतो. गेल्यावर वाचला तर त्याला रिव्ह्यू म्हणत नाहीत, पंचनामा म्हणतात. या प्रकरणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती कुर्डूकर आयोगाचं काम तडीस गेलं नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये हे प्रकरण बंद केलं. सांगाडा २००५मध्ये ‘एनटीपीसी’ आणि ‘गेल’ यांच्या भागीदारीतल्या रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनीकडे गेला. गॅस मिळेना म्हणून तोही पुन्हा थांबला. २०१५च्या अखेरीपासून त्यातली काही वीज रेल्वेला जाऊ लागली. बुडालेल्या कर्जांत आपल्याच सार्वजनिक वित्तसंस्थांचे पैसे होते.

पण या मधल्या काळात एक दार उघडलं होतं आणि त्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. १९९८च्या कायद्याने राज्यांना वीज नियामक आयोग नेमता आले. महाराष्ट्राचा १९९९मध्ये झाला. दर वाढवायचा तर आता मंडळाला आपला हिशोब छापावा लागणार, कोणीही ग्राहक त्यावर हरकत घेणार, आणि आयोग जाहीर सुनावणीत दोघांचं ऐकणार. प्रयासला ग्राहकांचा अधिकृत प्रतिनिधी म्हणून मान्यता मिळाली, मुंबई ग्राहक पंचायतीलाही. आयोगाच्या पहिल्याच, २०००च्या दरनिश्चितीत एक जुनं कोडं सुटलं. मंडळ वर्षानुवर्षं सांगत होतं की गळती सतरा-अठरा टक्के आहे आणि शेतीपंप भरमसाट वीज खातात. पंपांना मीटर नव्हते, त्यामुळे हिशोबात जे जुळेना ते पंपांच्या नावावर टाकता येत असे. पंप किती तास चालू शकतो, विहिरीला पाणी किती, याचं साधं गणित मांडल्यावर शेतीचा आकडा खाली आला आणि गळती तीस टक्क्यांच्या वर निघाली. चोरी आणि गळतीचं ओझं शेतकऱ्याच्या वहीत लिहिलं जात होतं. दाभोळच्या वादाने जे झालं नाही ते इथे एका सुनावणीत झालं, कारण या वेळी हिशोब विचारायची एक खोली होती आणि तिला दार होतं.

गिरीश संत २०१२मध्ये गेले, सुलभाताई २०१६मध्ये. गोखले संस्थेच्या ग्रंथालयाला आता धनंजयराव गाडगिळांचं नाव आहे.

गेल्या दरवाढीच्या वेळी मामाने फोन करून बंद घराच्या स्थिर आकाराबद्दल विचारलं. मी म्हटलं, मामा, हरकत घेता येते, मराठीत चालते. वीज कंपनीची याचिका आम्ही दोघांनी दोन रविवार वाचली, तो दाभोळहून फोनवर, मी पुण्यात स्क्रीनसमोर. तो दर पानाला ‘हे कशाच्या आधारावर?’ विचारत होता आणि तीन वेळा तरी त्याचं बरोबर होतं. दीड पानाची हरकत लिहिली, मुदतीच्या आदल्या दिवशी पाठवली. काही महिन्यांनी आदेश आला. हरकतदारांच्या यादीत मामाचं नाव होतं. स्थिर आकार वाढला होता. मामाने ते पान चिपळूणला छापून घेतलं आणि बिलांच्या फाइलीत लावलं.